कडूबाच्या बंदुकीचा दस्ता

ठाण्यातून बंदूक मिळाली ती दोन तुकड्यांत. शिपायानं मागच्या खोलीतून गोणपाटाचं गाठोडं आणून टेबलावर ठेवलं, गाठ सोडली आणि म्हणाला, "पाहून घ्या बाई. मंग म्हनान, हे नव्हतं, ते नव्हतं."

लांब नळी, तिच्या खालचं लाकूड आणि घोडा एका तुकड्यात होता. खांद्याला लावायचा दस्ता दुसऱ्यात. दस्त्याच्या मानेशी, जिथं माणसाची मूठ बसते तिथं, लाकूड तिरपं फाटलं होतं. फाटल्या जागी ते आतून अजून पिवळसर होतं. बाकीचं हात लागून लागून काळं झालेलं.

तानुबाईनं पाहिलं आणि मान हलवली. गेल्या पौषात कडूबा, तिचा नवरा, ही बंदूक घेऊन वावरातल्या मचाणावरून खाली आला होता. पायरी निखळली आणि तो बंदूक पोटाशी धरून दगडावर पडला. दस्ता तिथंच तुटला. कडूबा मात्र उठला, दोन्ही तुकडे उचलून घरापर्यंत चालत आला, ओसरीवर बसून पाणी प्यायला, काही झालं नाही म्हणाला. मग त्याचं पोट फुगत गेलं. जळगाव जामोदच्या दवाखान्यात न्यायला बंडी जुंपली, तेव्हा त्याला बसवत नव्हतं. आठवड्याच्या आत तो गेला आणि बंदूक सरकारात जमा झाली.

उन्हाळा आणि पावसाळा तानुबाईनं जळगाव जामोदच्या कचेरीच्या व्हरांड्यात बसून काढला. तिच्या अर्जाचं काही ना काही राहून जायचं. "बाईच्या नावानं बंदूक?" असं एक कारकून दुसऱ्याला मोठ्यानं विचारायचा आणि तिच्याकडे न पाहता दोघं हसायचे. घरात कर्ता पुरुष कोण, असं विचारल्यावर तिनं सासऱ्याचं नाव सांगितलं. त्याला दिसतं का, असं विचारल्यावर नाही म्हणाली. शेवटी गावचे पोलीस पाटील भगवानराव एकदा स्वतः आले. या बाईचं वावर अगदी डोंगराच्या बुडाशी आहे, पहिलं डुक्कर तिच्याच धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, खाली येतं, असं त्यांनी साहेबाला सांगितलं, तेव्हा दसऱ्यानंतर सही झाली.

गाठोडं घेऊन ती मोटारीत चढली. कंडक्टरनं नळीचं टोक पाहिलं.

"हे काय आहे?"

"बंदूक. लायसन आहे." तिनं कागद काढला.

कागदाकडे न पाहता तो म्हणाला, "लायसन असन. पन लोकं भेतात. उतरा."

मोटारीतली माणसं खिडकीबाहेर पाहू लागली. ती उतरली. रस्त्याकडेचं गवत उपटून तिनं पेंढी बांधली, बंदूक पेंढीत घातली आणि भारा डोक्यावर घेऊन चालू लागली. जिल्हा परिषदेनं नुकतीच टाकलेली गिट्टी पायाखाली टोचत होती. दोन्ही बाजूंना पऱ्हाटीची बोंडं फुटली होती. समोर सातपुडा इतका जवळ दिसत होता की गाव आता येईल असं वाटायचं आणि यायचं नाही.

*

घरात ती आणि सासरा, दोघंच. पुंजाजीला मोतीबिंदू पिकून दिसायचं बंद झालं होतं. उजेड आणि अंधार एवढं कळायचं. तो दिवसभर ओसरीवरच्या बाजेवर बसायचा आणि दोर वळायचा. तानुबाई घरात आली त्या वर्षापासून ती त्याच्यासमोर पदर पुढे ओढून, कवाडाआडून बोलत आली होती. आता त्याला दिसत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी ती कवाडाआडच उभी राहायची.

तिनं तुकडे बाजेवर ठेवले. पुंजाजीनं हात फिरवला. नळी ओळखली, घोडा ओळखला. मग दस्ता मांडीवर घेऊन फाटलेल्या जागेवर अंगठा नेला आणि तिथं बराच वेळ ठेवला.

"कुसळं निघाले आहेत नुसते," तो म्हणाला. "मोडलं नाही, फाटलं आहे. सांधते हे."

"मोतीराम मिस्त्रीकडं नेतो म्हनलं उद्या."

"ने. पन सांधूनच आन म्हना. नवा नको बसवू देऊ. तो म्हनन, नवा करतो."

"हाव."

"ह्या बंदुकीले असा दस्ता पुन्हा होत नाही, तानू. अक्रोडाचं लाकूड आहे. इकडं भेटत नाही." तो थांबला. "साहेब गेला तेव्हा त्यानं माह्या हातात देल्ली. आपल्या हातानं."

हे तानुबाईनं अनेकदा ऐकलं होतं. जंगल खात्याचा इंग्रज साहेब, त्याच्यापुढे चालणारा तरणा पुंजाजी, ठासणीची जुनी रायफल, जिच्या नळीत आतून आटे पाडलेले आणि जिची गोळी सरळ जाते. पूर्वी हे ऐकताना कडूबा पायरीवर बसून हसायचा. आता ऐकायला ती एकटीच होती. म्हणून ती उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती निघायच्या आधीच धाकटा दीर इंद्रभान नांदुऱ्याहून आला. तो तिथं कापसाच्या जिनात मुकादम होता. पांढरं धोतर, पायात बूट. येताना बापासाठी केळी आणली होती. त्यानं बंदुकीचे तुकडे पाहिले आणि बापाशेजारी बसला.

"वहिनी," तो आत पाहून म्हणाला, "मी सरळ बोलतो. वाईट वाटून घेऊ नका. दादा असता तं गोष्ट वेगळी होती. आता हे वावर अर्ध्या वाट्याच्या बटईनं देऊन टाकू. भगवानराव करून घेतात. बाबाले मी नांदुऱ्याले नेतो, डोळ्याचं पाहतो. तुम्ही वडनेरले भावापाशी राहा. धान्य तुमच्या वाट्याचं तिथं पोचतं करतो."

तानुबाई कवाडाआड होती. वडनेर भोलजीचं भावाचं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिथं भावजय तिला "बसा ना" म्हणायची, आणि त्या "बसा ना"मध्ये "किती दिवस?" हे विचारलेलं असायचं.

"जवारी निसवली आहे, कनसं बाहीर आली, भाऊजी," ती म्हणाली.

"म्हनूनच तं. दाना भरला का डुकरं येतात. कोन राखन? पेरलं कोन, वखरलं कोन, मले मालूम आहे. तुमी केलं. पन राखनं बाईचं काम नाही."

"ह्या सालचं मी राखीन. ते घरात आलं का मंग तुमी म्हनान तसं करू."

इंद्रभाननं बापाकडे पाहिलं. पुंजाजी दोर वळत होता.

"पाहा तं मंग," इंद्रभान म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो जेवला, तिच्या हातच्या आंबाडीच्या भाजीला चांगलं म्हणाला आणि दुपारच्या मोटारीनं गेला.

*

मोतीराम मिस्त्री जळगावात मारुतीच्या पाराजवळ बसायचा. बंड्यांची चाकं, बाजांच्या चौकटी, तिफणी यांच्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. बंदुकीचं काम वर्षा-दोन वर्षांत एखादं यायचं आणि ते आलं की तो इतर गिऱ्हाइकांना उगीच थांबवून ठेवायचा. त्यानं दस्ता उलटासुलटा केला, नखानं कुसळ उचकटलं आणि फुंकर मारली.

"हे सांधून देईन. पन सांगून ठेवतो, टिकत नाही. मानेवर सारा झटका येते. बार उडाला का नळी मागं ढकलते, ते कोठी जाते? मानेत जाते. नवा करतो. शिसवीची फळी आहे माह्यापाशी, चांगली वाळलेली."

"मामाजीनं सांधूनच आनाले सांगतलं."

"बुढ्याले काय जाते सांगाले."

"सांधूनच द्या, मोतीरामभाऊ."

त्यानं खांदे उडवले. सरस उकळला. त्याचा वास बाजारभर झाला. फाटीत तो गरम सरस भरून त्यानं दोन्ही बाजू आवळून बांधल्या, वाळल्यावर पितळेच्या बारीक खिळ्या आरपार ठोकल्या आणि वरून चांभाराकडून आणलेलं ओलं कातडं मानेभोवती ताणून शिवलं. कातडं उन्हात आवळत गेलं तसं लाकूड करकरलं. काम पुरं व्हायला पुढच्या आठवड्याचा बाजार उजाडला. दोन्ही बाजारांना तानुबाई पारावर बसून राहिली. येणारेजाणारे बाई आणि बंदूक पाहून थांबायचे, मिस्त्रीला काहीतरी विचारायचे आणि जायचे. तिला कुणी विचारलं नाही.

घरी आल्यावर पुंजाजीनं कातड्यावर बोटं फिरवली. "बेस झालं," तो म्हणाला. त्या दिवशी तो भाकरी मागून घेऊन जेवला.

बंदूक चालवायला त्यानंच शिकवलं. गावाखालच्या कोरड्या नाल्यात ते दोघं सकाळी गेले. ती पुढं, तो तिच्या काठीचं दुसरं टोक धरून मागं. तिथं तो दरडीकडे तोंड करून बसला, तिच्याकडे पाठ करून. ती मागं उभी राहिली. दारू किती, ती कशी ठासायची, घोड्याखाली टोपी केव्हा लावायची, हे तो दरडीला सांगत होता आणि ती करत होती.

"खांद्यात दाबून धर. गाल लाकडाले लाव."

तिनं लावला. पण दस्ता लांब होता. तो खांद्यात बसवला तर बोट चापापर्यंत जेमतेम पोचायचं. बोट नीट पोचवलं तर दस्ता दंडावर यायचा. मान ताणून, कोपर आखडून ती कशीबशी उभी राहिली.

"पुरते का हात?"

"पुरते," ती म्हणाली.

बार उडाला. ती मागं गेली, पडली नाही. दंडात कुणीतरी मुसळ घातल्यासारखं झालं. नाल्यात धूर भरला, कावळे उठले. पुंजाजी हसत होता. कडूबा गेल्यापासून तिनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"अशीच आवाज देते ती," तो म्हणाला. "अशीच."

संध्याकाळी पाणी तापवून तिनं दंड शेकला. कातडी निळी पडली होती. मोरीत उभी राहून ती शेकत राहिली आणि हे कुणाला दाखवावं असं माणूस घरात नाही, हे तिच्या ध्यानात आलं. कडूबा असता तर त्यानं हळद लावली नसती, पण "पाहू" म्हटलं असतं.

*

कार्तिकात दाणा भरला. तिनं मचाणाच्या पायऱ्या नव्यानं बांधून घेतल्या, चारही कोपऱ्यांना वेलानं आवळल्या आणि भाकरी बांधून ऊन उतरताना वावरात जाऊ लागली. जाताना सासऱ्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या, पायाशी घोंगडी आणि जेवणाचं ताट झाकून ठेवायची. शेजारची अन्नपूर्णाबाई ओसरीवर निजायला यायची. सकाळी तानुबाई परत आली की अन्नपूर्णाबाई न बोलता उठून जायची. बंदुकीवाल्या बाईशी काय बोलावं हे बहुतेक तिला कळत नसावं.

विहिरीवर बाया गप्प व्हायच्या. एक म्हातारी मात्र एकदा म्हणाली, "भेव नाही वाटत वं तुले?" तानुबाई म्हणाली, "वाटते." त्यावर बाया पुन्हा दोर ओढू लागल्या.

डुकरं आली ती सूर्य नुकताच मावळला असताना. आधी वास आला, चिखलाचा आणि कुजक्या पाल्याचा. मग धुऱ्याजवळची जवारीची ताटं हलली. वारा नव्हता. मोठी मादी पुढं आणि मागं कळप. ताट दातांनी बुडातून कापायचं, आडवं पाडायचं, कणसाला दोन घास लावायचे आणि पुढच्या ताटाला जायचं. कडाड, कडाड असा आवाज येऊ लागला, कुणी ऊस मोडावा तसा. तिनं दस्ता खांद्याला लावला, मान ताणली, गाल टेकला आणि चाप ओढला.

बारासोबत तिच्या हातात काहीतरी सुटलं. कातड्याची शिवण उसवली होती. दस्त्याची मान पुन्हा त्याच जागी फाटली होती आणि एक लांब कुसळ तिच्या गालात घुसलं होतं. गोळी कुठं गेली कोण जाणे. डुकरं थोडी पळाली, थांबली, आणि परत फिरली. तिनं डबा वाजवला, ओरडली, गोफण फिरवली. गालातून रक्त गळ्यावर उतरत होतं. त्यांना माणसाचा आवाज एकटाच आहे हे कळलं होतं. धुऱ्यालगतचा सगळा पट्टा त्यांनी आडवा केला आणि अंधार पडायच्या आत पोटभर खाऊन वर गेली.

सकाळी ती त्या पट्ट्यात उभी राहिली. चिरडलेल्या कणसांवर दहिवर पडलं होतं. तिनं खाण्यासारखी कणसं वेचली, पदराच्या ओट्यात घेतली आणि घरी न जाता तशीच बंदूक घेऊन जळगावच्या वाटेला लागली.

मोतीराम मिस्त्रीनं गालाकडे पाहिलं, पण "सांगतलं होतं" असं तो म्हणाला नाही. हा त्याचा मोठेपणा म्हणायचा. कारण नंतर त्यानं ते इतर सगळ्यांना सांगितलं.

"पुन्हा सांधू?" त्यानं विचारलं.

"नाही. नवा करा. माह्या मापाचा."

तो गोंधळला. पुरुषाचं माप घ्यायचं तर तो कोपर वाकवून धरायला लावायचा आणि कोपरापासून बोटाच्या पेरापर्यंत सुतळी लावायचा. परक्या बाईचा हात भर बाजारात कसा धरावा? त्यानं सुतळी तिच्यापुढं टाकली आणि पाराकडे तोंड फिरवलं. "तुमीच घ्या. कोपऱ्याच्या वाकापासून बोटाच्या पेरापर्यंत. गाठ मारून द्या."

तिनं माप घेतलं. सुतळीची गाठ त्यानं जुन्या दस्त्याशेजारी ठेवली.

"बाप्पा," तो म्हणाला. "एवढा फरक. कशी उडवत होत्या तुमी?"

*

पुंजाजीला सांगणं भाग होतं. ती संध्याकाळी कवाडाआड उभी राहिली. तो दोर वळत होता.

"मामाजी, नवा कराले टाकला."

दोर थांबला.

"तो पुन्हा फाटला. गोळी वाया गेली. धुऱ्याकडचं सारं गेलं."

"बरोबर बांधला नसन त्यानं. अजून एकडाव बांधून पाहता येते. तार गुंडाळाची होती, तांब्याची."

"हात पुरत नाही माह्या. तुमी इचारलं तवा मी खोटं बोलली."

पुंजाजीनं तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. "कडूबाचा हात होता त्या लाकडावर, तानू. मी हात फिरवला का मले तो लागे तिथं."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. तिलाही तो लागत होता. गाल टेकायची जागा त्याच्या गालानं झिजून गुळगुळीत झाली होती, आणि प्रत्येक वेळी तिचा गाल नेमका तिथंच टेकत होता. पण ही गोष्ट सासऱ्याला सांगायची नसते.

"त्याईचा हात मोठा होता," एवढंच ती म्हणाली. "वावर मले राखाचं आहे."

त्यानं दोर बाजेखाली टाकला. जेवायला वाढलं तेव्हा ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी जेवला, पण तिला हाक मारून पाणी मागायचा ते बंद केलं. चाचपडत माठापाशी जायचा आणि स्वतः घ्यायचा. पाणी सांडलेलं ती पुसून काढायची. घरात दोन माणसं होती आणि दिवस दिवस माणसाचा आवाज होत नव्हता. कधी कधी ती उगीच बैलाशी बोलायची, तेही हळू, ओसरीवर ऐकू जाऊ नये म्हणून.

नवा दस्ता काळसर तांबूस होता, गुळगुळीत, तेल पाजलेला. त्याला अजून कुणाचा वास नव्हता. तिनं खांद्याला लावला. तो जिथं बसायला हवा तिथंच बसला आणि बोट आपसूक चापावर आलं.

ती मादी पुन्हा आली तेव्हा झुंजूमुंजू झालं होतं. तानुबाईनं घाई केली नाही. गाल टेकला, मान सैल सोडली आणि चाप ओढला. बारानंतर मादी तिथंच बसली, उठायचा प्रयत्न केला, आणि ताटांत आडवी झाली. बाकीचा कळप डोंगराकडे उधळला, तो सोंगणीपर्यंत त्या धुऱ्यावर आला नाही.

बार ऐकून गावातली माणसं आली. भगवानराव आले. त्यांनी डुक्कर पाहिलं, गोळी कुठं लागली ते पाहिलं.

"कडूबाच्या वरची निघाली," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. ते हसणं वाईट नव्हतं. मग काठी आली, दोर आला, पाय बांधले गेले आणि आरडाओरडा करत सगळी माणसं ते ओझं घेऊन गावाकडे गेली. वाटे पाडायचे होते, चूल पेटवायची होती. तिला कुणी चला म्हणालं नाही. बाईमाणसाला काय म्हणायचं. त्यांचे आवाज दूर गेले. ती मचाणावरून उतरली, रक्तावर माती लोटली आणि ताटं जिथं वाकली होती ती एकेक करून उभी करू लागली.

घरी जाऊन तिनं कवाडाआडून सांगितलं, "मादी पडली, मामाजी."

तो "हं" म्हणाला. हातातल्या दोराचा पीळ पुरा केला. मग म्हणाला, "इंद्रभानले निरोप धाड. मले नांदुऱ्याले जाचं आहे."

*

इंद्रभान आला. भावजयीनं वावर राखलं हे त्यानं मोटारीतच ऐकलं होतं.

"वहिनी, बटईचं मी बोललो होतो ते राहू द्या आता," तो म्हणाला. "तुमचं तुमी करा. माहं काही म्हननं नाही."

"मामाजी रागावून जाऊन राह्यले," ती म्हणाली.

"रागावून नाही. म्हातारे आहेत. तिथं डॉक्टर आहे, लोकं आहेत. इथं सांजच्यानं एकटेच राहतात ते."

हे खरं होतं. तिनं घोंगडी धुऊन वाळवली, धोतरं घड्या केली, वाटेसाठी भाकरी आणि ठेचा बांधला. बंडीत बसताना पुंजाजीनं मूठभर वळलेला दोर बरोबर घेतला. बंडी वळणाला गेली तोवर ती उभी होती. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहून त्याला दिसलंही नसतं.

आता अन्नपूर्णाबाईनं येण्याचं कारण उरलं नाही. तानुबाई एकीसाठी चूल पेटवू लागली. सवयीनं पीठ जास्त मळलं जायचं. पदर मात्र दाराशी येताच आपोआप पुढं ओढला जायचा आणि रिकाम्या बाजेसमोर ती क्षणभर तशीच उभी राहायची.

सोंगणी झाली, खळं झालं. दाणा चांगला निघाला. माघात तिनं दळणाजोगी जवारी एका थैलीत घातली आणि मोटारीनं नांदुऱ्याला गेली.

इंद्रभानची खोली रुळांजवळ होती. त्याच्या बायकोनं, प्रतिमानं, चहा दिला आणि "मामाजी मागं बसले आहेत" म्हणाली. मागच्या दारी पुंजाजी स्टुलावर बसला होता. एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती. तो बारीक झाला होता. तानुबाई दाराच्या चौकटीआड उभी राहिली.

"मामाजी, जवारी आनली."

त्यानं तळहात पुढं केला. तिनं चौकटीआडून हात लांबवून त्यात दाणे ओतले. त्यानं ते चाळवले, एक दाणा दाताखाली फोडला.

"वाळली चांगली."

"हाव."

गाडी आली. लांब मालगाडी होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. ती पूर्ण जाईपर्यंत दोघं थांबले.

"डुकरं?"

"येतात. तुरीत येतात आता. बार काढला का फिरून जातात."

"खांद्याले लागते का?"

"नाही लागत."

तो दाणे एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"कडूबाच्या लागे," तो म्हणाला. "पोरगा होता तवापासून खांदा निळा राहे त्याचा. मी म्हनो, सवय होईन." त्यानं दाण्यांवर मूठ मिटली. "तो दस्ता साहेबाच्या मापाचा होता, तानू. ताडासारखा मानूस होता तो. माह्याही हाताले कोठी पुरे."

तानुबाईनं चौकट धरली. त्यानं दाणे धोतराच्या सोग्यात बांधले.

"मंग बरं झालं," तो म्हणाला.

"घरी चालता का, मामाजी?"

"हा डोळा होऊ दे. दुसऱ्याचं म्हनते डॉक्टर पावसाळ्यानंतर." त्यानं मान हलवली. "पाहू."

पाहू म्हणजे नाही, हे दोघांनाही कळलं. प्रतिमा रात्री राहा म्हणाली. तानुबाई म्हणाली, "तूर उभी आहे वावरात," आणि दुपारच्या मोटारीनं निघाली.

गावच्या फाट्यावर उतरेपर्यंत ऊन कलंडलं होतं. घरून बंदूक घेऊन ती तडक वावरात गेली. मचाणावर बसून तिनं शिळ्या भाकरीचं फडकं सोडलं. शिवारातले पीक राखणारे जागले तिन्हीसांजेला एकमेकांना हाका मारायचे, ह्या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर. सगळे आपापल्या जागी आहेत एवढं कळावं म्हणून. हिवाळाभर तिनं त्या हाका ऐकल्या होत्या. तिच्या वावरावरून त्या पलीकडे जायच्या. परक्या बाईचं नाव रानात कसं घ्यायचं, म्हणून असेल.

आज भगवानरावांच्या वावरातून आवाज आला, थोडा अडखळत. "तानुबाई, हाये का?"

तिच्या तोंडात घास होता. तो गिळायला वेळ लागला.

"हाये," ती म्हणाली. मग तिनं उभं राहून, डोंगरापर्यंत जाईल असं ओरडून सांगितलं, "हाये."

पलीकडून पुढच्या धुऱ्याला हाक गेली, तिथून त्याच्या पुढच्या. ती खाली बसली आणि उरलेली भाकरी खाल्ली.